दारावर लाल पाटी लागली म्हणून आईकडे बघणं कमी का व्हावं?

पत्र थोडक्यात असं: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वाचकाच्या ७२ वर्षांच्या आई लघवीच्या संसर्गामुळे खाजगी रुग्णालयात दाखल आहेत. मधुमेह जुना, मूतखड्यासाठी आधी दुसरीकडे उपचार झालेले. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेब्सिएला नावाचा जिवाणू निघाला, मेरोपेनेम या जबर प्रतिजैविकालाही दाद न देणारा. त्याच दिवशी आईंना जनरल वॉर्डातून टोकाच्या एकट्या खोलीत हलवलं आणि दारावर लाल पाटी लागली. तेव्हापासून जेवणाचं ताट दाराजवळच्या स्टुलावर ठेवलं जातं. बेल वाजवली तरी सिस्टर उशिरा येतात. मोठे डॉक्टर उंबऱ्यावरूनच “काय आजी, बरं ना?” विचारून पुढे जातात. परवा रात्री बेलला कुणी आलं नाही म्हणून आई एकट्या बाथरूमला निघाल्या आणि घसरून पडल्या. त्या विचारतात, “मला वाळीत टाकलंय का रे?” धाकटा भाऊ म्हणतो, डामा देऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेऊन, घरी नेऊ. बहिणीचं बाळ आठ महिन्यांचं आहे, ती भेटायला यायलाच घाबरते. वाचक विचारतात: आईला त्या खोलीतून बाहेर काढण्यासाठी भांडू का? तक्रार केली तर सिस्टर आईवर राग काढतील का? आणि हा जंतू आमच्या घरी येईल का?

नमस्कार,

तुमच्या प्रश्नांकडे येते, पण आधी त्या पडण्याचं बघू. आई पडल्यानंतर डॉक्टरांनी त्यांना हात लावून तपासलं का? डोकं, मनगट, खुबा? पडल्याची नोंद फाइलमध्ये वेळेसकट आहे का? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना पुन्हा एकदा तोंडाने सांगा. डोक्याला मार लागला असेल तर त्याची लक्षणं कधी कधी उशिरा दिसतात. आई नेहमीपेक्षा जास्त झोपाळू वाटल्या, उलटी झाली, बोलण्यात गोंधळ जाणवला, तर “वयामुळे असेल” म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना आत बोलवा, दारातून बघणं इथे चालणार नाही.

आता मुख्य प्रश्न. वेगळी खोली आणि चांगली देखभाल यांतलं एकच मिळू शकतं, असं तुम्ही धरून चाललात. भाऊही तसंच धरून चाललाय, म्हणून तो घरी न्यायचं म्हणतो. मी वॉर्डात सिस्टर म्हणून आणि पुढे संसर्ग नियंत्रणाचं काम करण्यात आयुष्य काढलं. तिथे राहून माझं मत पक्कं झालंय की या दोन्ही गोष्टी एकत्र मिळायला हव्यात आणि मिळू शकतात.

ती लाल पाटी योग्य आहे, हे आधी मान्य करू. क्लेब्सिएला आपल्या आतड्यात एरवीही असतो. आईंच्या अंगात निघालेला प्रकार मात्र मेरोपेनेम ज्यात येतं त्या कार्बापेनेम गटाच्या औषधांनाही पुरून उरतो, आणि ही औषधं आपण बाकीची हरली की बाहेर काढतो. हा जिवाणू हवेतून उडत जात नाही. तो हातांवरून, बेडच्या कठड्यावरून, बीपीच्या पट्ट्यावरून, लघवीच्या पिशवीच्या नळीवरून पुढच्या माणसाकडे जातो. शेजारच्या खाटेवर कॅथेटर (लघवीची नळी) लावलेला, ताजं ऑपरेशन झालेला किंवा व्हेंटिलेटरवरून नुकताच उतरलेला पेशंट असेल तर त्याला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. त्या पेशंटचाही कुणी मुलगा बाहेर बाकड्यावर बसलेला असतो. म्हणून खोलीतून बाहेर काढण्यासाठी भांडा, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण आईंकडे बघणं कमी झालंय, हा तुमचा भास नाही. त्याचा अभ्यास झालेला आहे. २००३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात टोरंटो आणि बोस्टन इथल्या दोन मोठ्या रुग्णालयांचा अभ्यास आला. एमआरएसए या चिवट जिवाणूमुळे वेगळ्या ठेवलेल्या दीडशे पेशंटची तुलना तशाच आजारांच्या, पण वेगळ्या न ठेवलेल्या तीनशे पेशंटशी केली होती. उपचारादरम्यान झालेल्या इजा दर हजार दिवसांमागे वेगळ्या ठेवलेल्यांत ३१ होत्या, इतरांत १५. टाळता आल्या असत्या अशाच इजा मोजल्या तर फरक आणखी मोठा होता, २० आणि ३. आणि त्या कसल्या? पडणं, पाठीला बेडसोर होणं, शरीरातलं पाणी आणि क्षार बिघडणं. व्हायटल्सच्या (बीपी, नाडी, ताप) नोंदी राहून जाण्याचं आणि डॉक्टरांनी फाइलमध्ये काहीच न लिहिलेल्या दिवसांचं प्रमाणही वेगळ्या ठेवलेल्यांत जास्त होतं. मृत्यूच्या प्रमाणात मात्र ठोस फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या दुसऱ्या एका पाहणीत, सकाळच्या राउंडला वरिष्ठ डॉक्टरांनी वेगळ्या ठेवलेल्या पेशंटपैकी ३५ टक्क्यांनाच प्रत्यक्ष तपासलं होतं, इतरांपैकी ७३ टक्क्यांना. तुमच्या आईंच्या उंबऱ्यावर थांबणारे डॉक्टर जगावेगळे नाहीत, एवढं यातून दिसतं. त्यांचं वागणं त्यामुळे बरोबर ठरत नाही.

याची दुसरी बाजूही सांगते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या २० आयसीयूंचा एक मोठा अभ्यास आला. त्यातल्या निम्म्या आयसीयूंत प्रत्येक पेशंटला हात लावताना गाऊन-ग्लोव्ह्ज सक्तीचे केले होते. तिथेही कर्मचाऱ्यांच्या फेऱ्या कमी झाल्या, पण पेशंटना होणाऱ्या इजा वाढल्या नाहीत. मी त्याचा अर्थ असा लावते की नुसत्या गाऊनमुळे कुणाचं वाईट होत नाही. आयसीयूत प्रत्येक खाटेवर नजर असते, मॉनिटर असतो, दर तासाची नोंद ठरलेली असते. वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत हे काहीच नसतं, आणि ती उणीव भरून काढायची असते.

सिस्टर उशिरा का येतात, हेही जवळून बघा. खोलीबाहेर उभं राहून गाऊन चढवायचा, मागच्या नाड्या बांधायच्या, हात चोळायचे, ग्लोव्ह्ज घालायचे, मग आत. आत गेल्यावर लक्षात येतं की शुगरची स्ट्रिप ट्रॉलीवरच राहिली. मग ग्लोव्ह्ज काढा, गाऊन काढा, हात धुवा, बाहेर या, स्ट्रिप घ्या, आणि पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात बारा नंबरची सलाईन संपलेली असते आणि सात नंबरचे नातेवाईक काउंटरवर उभे असतात. रात्रपाळीला हे सगळं एकाच सिस्टरच्या अंगावर असतं. अशा वेळी मनाला नकळत सवय लागते: आत गेलंच पाहिजे असं काही नसेल तर जाऊ थोड्या वेळाने. कुणी आईंचा तिरस्कार करत नाही. पण ते ‘थोड्या वेळाने’ आईंना पुरत नाही, आणि नेमकं तिथेच तुम्हाला बोलायचं आहे.

कसं बोलायचं? “तुम्ही लक्ष देत नाही” असं म्हणालात की समोरचं माणूस स्वतःचा बचाव करायला लागतं आणि बोलणं तिथेच संपतं. त्यापेक्षा वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना सकाळची गडबड ओसरल्यावर शांतपणे भेटा आणि म्हणा, “सिस्टर, आत यायला तुम्हाला किती सव्यापसव्य करावं लागतं ते मी बघतोय. मग दिवसातून ठराविक वेळा आत येऊन एकाच फेरीत सगळं करता येईल का? बीपी, शुगर, पाणी, बाथरूम, कूस बदलणं. वेळा आम्हाला सांगा, मधल्या वेळचं आम्ही बघतो.” संसर्ग नियंत्रण नीट चालवणाऱ्या रुग्णालयांत कामं अशी एकत्रच बांधलेली असतात. बीपीचा पट्टा, थर्मामीटर, स्टेथोस्कोप आईंच्या खोलीतच कायम ठेवायला सांगा. ते संसर्ग नियंत्रणाच्या नियमातही बसतं आणि सिस्टरांच्या फेऱ्याही वाचवतं. रात्री बेलऐवजी नर्सिंग काउंटरला फोन करता येईल का, तेही विचारून घ्या. “आत्ता येते” किंवा “दहा मिनिटं लागतील, उठू नका” एवढं फोनवर कळलं तरी आई एकट्या उठणार नाहीत.

पाण्याकडे मी तुम्हाला सगळ्यात जास्त लक्ष द्यायला सांगेन, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. असल्या जिवाणूवर डॉक्टर कधी कधी कोलिस्टिनसारखं इंजेक्शन वापरतात. ते मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. आईंना मधुमेह आहे, मूतखड्याचा इतिहास आहे, म्हणजे मूत्रपिंड आधीच नाजूक. अशा वेळी पाण्याचा तांब्या हाताला येत नाही एवढ्यावरूनही प्रकरण बिघडू शकतं. तांब्या-भांडं आईंच्या चांगल्या हाताच्या बाजूला, टेकूनही घेता येईल असं ठेवा. किती पाणी प्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. हृदयाचा किंवा सुजेचा त्रास असेल तर मर्यादा असते. मग एका वहीत लिहा: किती वाजता किती पाणी, किती चहा, लघवी किती वेळा आणि किती. सिस्टरांच्या इनटेक-आउटपुट चार्टमध्ये रकाने रिकामे असतील तर तुमची वही त्यांच्या उपयोगी पडते. क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी. राउंडला विचारा, “आजचं क्रिएटिनिन किती आलं? कालपेक्षा वाढलंय का?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला डॉक्टरांना फाइल उघडावीच लागते.

लघवीची नळी घातलेली असेल तर रोज विचारा, “आज ती काढता येईल का?” वेगळ्या खोलीतल्या पेशंटची नळी गरज संपल्यावरही राहून जाते, कारण सोय होते. पण नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो, आणि आई आल्या आहेत त्याच त्रासासाठी.

त्या स्वतःहून कूस बदलत नसतील तर साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज उजेडात बघा. दाबूनही न जाणारा लालसर डाग दिसला तर त्याच वेळी सिस्टरना दाखवा. जेवणाचं ताट स्टुलावर राहणं मला साधी गोष्ट वाटत नाही. इन्सुलिन दिलं आणि ताट लांब राहिलं, तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. इन्सुलिन आणि जेवण यांची सांगड कोण घालणार, हे नावानिशी ठरवून घ्या. फिजिओथेरपी किंवा सोनोग्राफी ‘आयसोलेशन आहे म्हणून’ पुढे ढकलली जात असेल तर स्पष्ट विचारा. अशा पेशंटची तपासणी दिवसाच्या शेवटी ठेवतात, म्हणजे नंतर मशीन नीट पुसता येतं. ती रद्द करायचं काही कारण नसतं.

डॉक्टरांना दारातून आत कसं आणायचं, तेही सांगते. त्यांना आतूनच उत्तर देता येईल असा प्रश्न तयार ठेवा. “डॉक्टर, पडल्यापासून उजव्या खुब्याला दुखतंय म्हणतात, जरा हात लावून बघता का?” बरेचसे डॉक्टर यावर लगेच गाऊन मागतात.

तक्रारीची भीती मला समजते. आपलं माणूस त्यांच्या ताब्यात आहे, ही भावना प्रत्येक नातेवाइकाच्या पोटात असते. पण तक्रार आणि भांडण यांत अंतर आहे. आधी इन्चार्ज सिस्टर, मग रुग्णालयाची संसर्ग नियंत्रण नर्स, मग वैद्यकीय अधीक्षक, या क्रमाने जा. संसर्ग नियंत्रण नर्सशी नातेवाईक सहसा बोलतच नाहीत. तिला दोन प्रश्न विचारा: आईंना नक्की कुठल्या कारणाने वेगळं ठेवलंय, आणि ते कधी व कशावरून थांबवणार? ‘आहे तोवर’ असं उत्तर पुरेसं नाही. तोंडी बोलून दोन दिवसांत फरक पडला नाही तर अर्ध्या पानाचा अर्ज लिहा: कुठल्या रात्री किती वाजता बेल वाजवली, कोण आलं, काय झालं. विशेषणं नकोत. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. माहिती मिळणं, कागदपत्रांच्या प्रती मिळणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं, तक्रार करता येणं हे सगळं त्यात आहे. महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांतही रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात लावणं आलं आहे. भिंतीवर ती कुठे लावलीय बघून ठेवा. खोलीच्या वाढीव भाड्याचा विम्याशी घोळ होऊ नये म्हणून वेगळं ठेवण्याचा डॉक्टरांचा लेखी आदेशही मागून घ्या.

भावाला माझ्याकडून एवढं सांगा: त्याची तगमग खोटी नाही, पण डामा आत्ता नको. शिरेतून दिली जाणारी प्रतिजैविकं, रोजची रक्ततपासणी आणि नुकतंच झालेलं पडणं, हे तिन्ही घरी सांभाळता येणार नाही. अर्धवट उपचार झालेला असा संसर्ग रक्तात पसरला तर पुन्हा दाखल करताना आईंची अवस्था आजच्यापेक्षा वाईट असेल. इथे विश्वासच उरला नसेल तर रीतसर रेफर करून दुसऱ्या रुग्णालयात न्या, सगळे रिपोर्ट घेऊन आणि तिकडे आधी फोनवर सांगून.

तिकडे रिपोर्ट लपवायचा मोह होईल, “सांगितलं तर बेड देणार नाहीत” म्हणून. आपल्याकडे ही भीती जुनी आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी माणसांना घरातून उचलून छावण्यांत नेलं जाई, तेव्हा लोक घरातला आजारी लपवत. कोविडमध्ये दाराआड गेलेलं माणूस शेवटचं दिसलंच नाही, असं अनेक घरांत झालं. त्यामुळे ‘वेगळं ठेवलंय’ म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, ते साहजिक आहे. पण कल्चरचा रिपोर्ट लपवला तर पहिले दोन-तीन दिवस आईंना लागू न पडणारं औषध मिळेल, आणि हा तोटा सगळ्यात आधी आईंचाच होईल.

खोलीत तुम्ही आणि तुमच्या पत्नी असता, तेव्हा काय करायचं? रुग्णालय गाऊन घालायला सांगत असेल तर घाला, पण हातांवर भर द्या. आत जाताना आणि बाहेर पडताना सॅनिटायझर सगळ्या बोटांच्या मध्ये आणि अंगठ्याला लागेल असा २०-३० सेकंद चोळा. हात मळलेले दिसत असतील किंवा आईंना जुलाब होत असतील तर साबण-पाणीच वापरा. नातेवाईक ग्लोव्ह्ज घालून डायपर बदलतात आणि त्याच ग्लोव्ह्जने खिशातला फोन उचलतात, हे मी असंख्य वेळा पाहिलंय. ग्लोव्ह्ज म्हणजे स्वच्छ हात नाहीत. काम झालं की ते काढा, हात धुवा, मगच फोन. डब्याची पिशवी बेडवर ठेवू नका. आणि आईंच्या खोलीतून निघून थेट दुसऱ्या पेशंटची विचारपूस करायला जाऊ नका.

हे सांभाळलंत तर तुम्हाला आईंजवळ बसता येतं, त्यांचा हात हातात धरता येतो, डोक्याला तेल लावता येतं. टीबी, गोवर, कांजिण्या हवेतून पसरतात, तिथे मास्कचे आणि बंद दाराचे नियम कडक असतात. आईंचं तसं नाही. कुठल्याही पाटीचा अर्थ सिस्टरना नीट विचारून घ्यावा, कारण वेगळं ठेवण्याच्या तिन्ही-चारही प्रकारांना लोक एकच ‘आयसोलेशन’ म्हणतात आणि गरज नसताना पेशंटपासून दहा फूट लांब उभे राहतात.

आईंच्या प्रश्नाला तुम्ही उत्तर काय दिलंत, ते पत्रात नाही. “काही नाही गं, असंच” एवढ्यावर त्यांचं समाधान होणार नाही. सरळ सांगा: “आई, तुझ्या लघवीत एक हट्टी जंतू सापडलाय. तो हाताला लागून दुसऱ्या पेशंटकडे जाऊ नये म्हणून ही खोली. तुझं काही चुकलेलं नाही, आणि आम्हाला तुझ्याजवळ बसायला काही अडचण नाही.” चष्मा, कानाचं यंत्र, दात, घड्याळ, घरची चादर खोलीत ठेवा. दिवसा पडदा उघडा. वयस्कर माणसं एकट्या खोलीत लवकर भरकटतात, रात्र-दिवस विसरतात, नळ्या ओढायला लागतात. त्या अचानक असंबद्ध बोलू लागल्या तर ते डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. रात्री खोलीत कुणीतरी असणं आत्ता गरजेचं आहे, पण ती पाळी एकट्या पत्नीवर टाकू नका. घरी न्यायला निघालेला भाऊ रात्री सोबत बसू शकतो.

शेवटी बहिणीचं. बरं वाटल्यानंतरही हा जिवाणू आईंच्या आतड्यात काही महिने राहू शकतो. नुसता राहतो तेव्हा त्याला औषध लागत नाही. “रिपोर्ट निल यायला हवा” म्हणून प्रतिजैविकं मागू नका, त्याने उलट होतं. घरी वेगळी खोली, वेगळी भांडी, काहीही नको. संडासला जाऊन आल्यावर आणि स्वयंपाकाला हात लावण्याआधी साबणाने हात धुणं, टॉवेल स्वतःचा, कपडे नेहमीसारखे धुणं एवढं पुरे. डिस्चार्ज कार्डवर जिवाणूचं नाव आणि कुठली औषधं चालत नाहीत ते ठळक लिहून घ्या आणि पुढे दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तरी दाखवा. बहिणीला आत्ता रुग्णालयात बाळाला आणू देऊ नका, वॉर्ड ही बाळाची जागा नाही. ती एकटी येऊ शकते, हात धुऊन परत जाऊ शकते. आई घरी आल्यावर त्यांनी हात स्वच्छ धुऊन बाळाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा त्याच्यावर काही उपचार चालू असतील तर मात्र आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा.